सपाट कापड, गोल माणूस

छापील सुती कापडाचा तागा समोर उलगडला, की आधी त्याचा काठ बघावा. मधले पोपट, लिंबाच्या फोडी, सायकली नंतर. नगरच्या कापड बाजारातला दुकानदार तोवर ‘ताई, पन्हा मोठा आहे, अडीच मीटरमध्ये बसेल’ असं सांगत असतो. त्याला सांगू द्यावं. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, बाजाराला लोक अजून नगरचा बाजारच म्हणतात.) त्या दोन बोटं रुंदीच्या काठावर कापड कुठून कसं आलं याचा बराचसा जबाब लिहिलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा शिवणाऱ्याच्या कात्रीखाली न वाचताच जातो.

अगदी कडेला बारीक भोकांची रांग दिसते. छपाई आणि धुलाई झालेलं ओलं कापड दोन्ही काठांनी सुयांवर अडकवून गरम हवेतून नेतात. या यंत्राचं नाव स्टेंटर. सगळ्या ताग्याचा पन्हा सारखा राहतो तो या यंत्रामुळे, आणि भोकं म्हणजे त्या सुयांच्या खुणा. त्याच काठावर कधी रंगांचे ठिपके ओळीने असतात. जितके रंग, तितके ठिपके. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते आणि सगळ्या जाळ्या एकमेकींशी जुळल्या आहेत का, हे छापणारा या ठिपक्यांवरून ओळखतो. सहा ठिपके असतील तर तुमच्या पोपटांवरून सहा जाळ्या फिरल्या आहेत.

आता टेप लावा. एका पोपटापासून उभं खाली जा आणि हुबेहूब तोच पोपट, तीच पानं, तीच मान वळवण्याची तऱ्हा पुन्हा कुठे येते ते मोजा. गिरणीत छापलेल्या कापडावर बऱ्याचदा उत्तर ६४ सेंटिमीटरच्या जवळपास येतं, नाहीतर ३२ किंवा १६. याचं कारण चित्रकाराच्या मनात नसून यंत्रात आहे. १९६३ साली नेदरलँड्समधल्या स्टॉर्क कंपनीनं फिरत्या जाळीचं छपाई यंत्र आणलं. त्यात निकेलचं अतिशय पातळ, सच्छिद्र नळकांडं असतं. रंग आतून भरतात आणि तो भोकांतून बाहेर दाबला जातो. या नळकांड्याचा सर्वसाधारण घेर ६४ सेंटिमीटर. म्हणून पोपट कितीही असोत, एका फेऱ्यात सगळं चित्र संपवून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावं लागतं. टेप कापडाला लावली, पण मोजला तो कधीही न पाहिलेल्या यंत्राचा परीघ.

या कापडाचा शर्ट ड्रेस करायचा आहे. शर्टासारखी कॉलर, गळ्यापासून खालपर्यंत बटणपट्टी, कमरेला पट्टा किंवा चुण्या आणि गुडघ्याखाली येणारा घेर. नाव परकं वाटेल, पण त्याची सख्खी चुलत बहीण आपल्याकडे घरोघरी आहे: छापील सुती गाऊन, जो घालून आणि वर ओढणी टाकून महाराष्ट्रातल्या बायका दूध आणण्यापासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे जातात. गाऊनला कॉलर आणि कंबर दिली, खांदे मापात आणले, की शर्ट ड्रेस तयार. गाऊनची टिंगल करणाऱ्यांनी एप्रिलच्या दुपारी सावेडीपासून माळीवाड्यापर्यंत पॉलिस्टरमध्ये चालून बघावं.

रंगाकडे वळू. सुती कापडावर रंग टिकवणं हे हजारो वर्षांचं कोडं होतं. तुरटीसारखं काहीतरी मध्यस्थ घालून मंजिष्ठेचा लाल रंग सुताला धरायला लावण्याची युक्ती या उपखंडाला सिंधू संस्कृतीच्या काळापासून ठाऊक होती. मोहेंजोदडोला मंजिष्ठेनं रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा सापडला आहे. पण रंगाचा रेणू आणि तंतूचा रेणू यांची थेट गाठ मारणं जमलं ते १९५४ साली, इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या रॅटी आणि स्टीफन या दोन रसायनतज्ज्ञांना. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, ‘प्रोसियन’ नावानं हे रंग बाजारात आले. तोवरचे बरेचसे रंग तंतूला चिकटून किंवा त्याच्यात अडकून राहत. या रंगांचा सेल्युलोजशी रासायनिक बंधच जुळतो. अशा छाप्यात रंग कापडावर बसलेला नसतो, तो कापडाचा भाग झालेला असतो.

त्या छपाईच्या खळीत काय काय असतं हे तर फारच मजेदार आहे. रंग घट्ट राहावा, पसरू नये म्हणून त्यात चिकट पदार्थ लागतो. पिठाची खळ चालत नाही, कारण पीठही सेल्युलोजचंच भावंड. रंग कापडाऐवजी पिठाशीच बंध जुळवून बसेल. म्हणून वापरतात सोडियम अल्जिनेट, जे समुद्री शेवाळापासून काढतात. जोडीला सोडा, आणि युरिया. होय, कृषी सेवा केंद्रात पोत्यानं मिळतो तोच पदार्थ. छापल्यावर कापड वाफेतून नेतात, तेव्हा युरिया ओलावा धरून ठेवतो आणि त्या ओलाव्यात रंगाला तंतूच्या आत शिरायला वेळ मिळतो. मग धुलाईत शेवाळाचा चीक आणि युरिया दोन्ही निघून जातात. पोपट राहतो.

थोडा रंग मात्र वाफेत सुताऐवजी पाण्याशीच बंध जुळवतो आणि वाया जातो. गिरणीनं धुलाईत कंजुषी केली तर तो तसाच कापडात राहतो आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात बादलीत उतरतो. त्यावरून लगेच ‘कच्चा रंग’ म्हणून कपाळावर हात मारू नये. मिठाच्या पाण्यात भिजवण्याचा घरगुती तोडगा सगळ्यांना माहीत असतो. त्यानं नवा बंध तयार होत नाही. साध्या पाण्यात दोनदा वेगळं धुणं हाच उपाय. स्वस्त छापील कापडात दुसराच प्रकार असतो. रंगाची पूड एका चिकट द्रव्यानं वरच्यावर बसवलेली असते. हात फिरवला की छापलेली जागा जरा कडक लागते, उलट बाजू फिकट असते आणि घडीच्या रेषांवर रंग लवकर उडतो.

कापड घरी आलं की शिवण्याआधी पाण्यातून काढायचं, हे आजीपासून सगळ्या सांगतात. कारण असं: विणताना आणि स्टेंटरवर कापड ताणलेलं असतं. ओलं झालं की सूत फुगतं आणि ताण सोडून देऊन मूळ लांबीकडे परत येतं. आटणं म्हणजे कापडानं घेतलेला मोकळा श्वास. अमेरिकेत सॅनफर्ड क्लूएट यानं १९३०च्या सुमारास कापड यंत्रातच आधी आटवून घेण्याची रीत काढली. तो ज्या कंपनीत होता ती शर्टांच्या कॉलरी करणारी होती. कॉलर आटली तर गळा आवळतो, तेव्हा संशोधन नेमकं तिथूनच आलं.

आता ओल्या कापडातला एक धागा ओढून काढा, त्याचा पीळ उलटा सोडवा आणि एकच तंतू वेगळा करा. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो. हा एक तंतू म्हणजे एकच पेशी.

शेवगाव, पाथर्डी, नेवासे या तालुक्यांतून पावसाळा संपताना जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी दिसते. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात कापसावर संशोधन करणारा खास प्रकल्प आहे. फूल उमलतं त्याच सुमारास आत होऊ घातलेल्या बीच्या सालीवरच्या काही पेशी फुगायला लागतात आणि मग लांब व्हायला लागतात. जवळजवळ तीन आठवडे लांबच होत जातात. विभागणी नाही, दुसरी पेशी जोडली जाणं नाही. एकच पेशी अडीच-तीन सेंटिमीटर होते आणि तिची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या-साठाव्या हिश्श्याएवढी राहते. लांबी जाडीच्या हजारपटीहून जास्त. वनस्पतीसृष्टीतल्या सर्वांत लांब पेशींत तिची गणना होते. मग लांबी थांबते आणि पेशी आतून सेल्युलोजचे थर चढवायला लागते. शेवटी बोंड फुटतं, ऊन लागतं, आतला रस वाळतो आणि ती पोकळ नळी पाणी बंद केल्यावर चपट्या पडणाऱ्या कापडी पाइपासारखी बसते. नुसती बसत नाही, पिळतेही. सेंटिमीटरला पन्नासाच्या आसपास पीळ, आणि तेही कधी डावे, कधी उजवे. हे पीळ नसते तर कापसाचं सूत काततच आलं नसतं. तंतू एकमेकांवरून घसरून गेले असते. पिळांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि बोटभर लांबीच्या तंतूंतून मैलोन्‌मैल दोरा निघतो.

हे याच मातीत किती जुनं आहे? प्रवरेच्या काठी, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशात, १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण युगातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष टिकून होते. तंतुतज्ज्ञ ए. एन. गुलाटी यांनी ते तपासले, तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही निघाले. तीन हजार वर्षांहून जुना दोरा! सूत एरवी आपल्या हवेत काही वर्षांत कुजून जातं. तांब्याच्या क्षारांजवळ जंतूंचं फार चालत नाही, म्हणून मण्यांच्या पोटात ते वाचलं. अमेरिकन जातीची कपाशी इथे यायला अजून कितीतरी शतकं होती, तेव्हा तो कापूस देशी. कुणीतरी तो वेचला, कातला, ओवला आणि एका मुलाच्या गळ्यात बांधला.

विणकामाशी या जिल्ह्याचं नातं त्यानंतरही सुटलं नाही. जिचं नाव आता जिल्ह्याला आहे ती अहिल्यादेवी १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मली, आणि नर्मदेकाठच्या महेश्वरला विणकर वसवण्याचं श्रेय परंपरेनं तिलाच दिलं जातं. उन्हाळ्यात महेश्वरी नेसणाऱ्या बाईला चौंडीची आठवण येत नसेल, पण धागा तिथून जातो. नगर शहरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचे हातमाग होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचा डी. सी. चर्चिल हा अभियंता नगरमध्येच राहून या मागांकडे बघत होता. विणकर गिरणीशी लढाई वेगात हरतो आहे हे त्याला दिसलं, म्हणून त्यानं जास्त जलद चालणारा सुधारित हातमाग तयार केला. तो ‘चर्चिल माग’ म्हणून ओळखला गेला. हातमाग वाचला नाही ते वाचला नाहीच. पण नगरच्या एका कारखान्यात कोणी अभियंता धोट्याच्या फेऱ्या मोजत बसला होता, ही गोष्ट शहराच्या इतिहासात किल्ल्याइतकीच सांगायला हवी असं मला वाटतं.

आणि माग हाच आपल्या ड्रेसचा खरा मालक आहे. कापड विणलं गेलं त्या क्षणी त्याचे स्वभाव ठरतात. उभे धागे मागावर ताणून बसवलेले, म्हणून त्या दिशेनं कापड जवळजवळ ताणत नाही. आडवे धागे त्यांच्या खालीवर जातात, म्हणून त्या दिशेनं किंचित देतं. पण तिरपं, म्हणजे शिवणारे ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेनं धरून ओढलं, की तेच आडमुठं कापड रबरासारखं लांबतं. धागा एकही लांबलेला नसतो. बदलतो तो फक्त दोन धाग्यांमधला काटकोन. चौकोन झुकतो आणि पतंगाच्या आकाराचा होतो. धाग्यांना जाडी नसती तर कर्णाच्या दिशेनं कापड ४१ टक्क्यांपर्यंत लांबलं असतं. प्रत्यक्षात धागे आधीच एकमेकांवर येऊन अडतात.

या एका गुणावर शिवणकाम उभं आहे, कारण मूळ अडचण फार मोठी आहे. कापड सपाट, माणूस गोल. कागदाचा नळा करता येतो, शंकू करता येतो, पण कागद चेंडूवर सुरकुती न पडता बसवता येत नाही. का येत नाही, हे १८२७ साली जर्मन गणिती गाउस यानं सिद्ध केलं: पृष्ठाची एक विशिष्ट वक्रता कितीही वाकवलं तरी बदलत नाही, ती बदलायची तर पृष्ठ ताणावं, दाबावं किंवा कापावं लागतं. सपाट पृष्ठाची ती वक्रता शून्य. खांदा, छाती, नितंब यांची शून्य नाही. म्हणजे कपडा अंगाबरोबर बसवायचा तर तीनच रस्ते आहेत: पाचर काढून टाका, जास्तीचं कापड चुण्यांत गोळा करा, किंवा धाग्यांमधला कोन झुकवा.

पाचर काढणं म्हणजे टक्स. चार टक्सचा ब्लाऊज शिवणारी मावशी खडूनं जो त्रिकोण आखते आणि शिवून नाहीसा करते, त्यानं सपाट कापडाचा शंकू होतो. त्याचं टोक छातीच्या उंचवट्याकडे वळवलेलं असतं. कटोरी ब्लाऊज ही त्याच्या पुढची पायरी, तिथे शंकूचे तुकडे जोडून घुमट करतात. मराठी ब्लाऊज हा रोज घातला जाणारा सर्वांत अवघड भूमितीचा कपडा असावा. त्याच्यापुढे शर्ट ड्रेस दयाळू आहे.

तिसरा रस्ता, कोन झुकवण्याचा, एका मोठ्या गणित्याला इतका आवडला की त्यानं त्यावर व्याख्यान दिलं. रशियाचा पाफ्नुती चेबिशेव. २८ ऑगस्ट १८७८, पॅरिस, विषय: कपडे बेतण्याबद्दल. त्यानं कापड म्हणजे न ताणणाऱ्या धाग्यांची, पण कोन बदलू शकणारी जाळी, असं धरलं आणि अशा जाळीनं वक्र पृष्ठ कसं झाकता येईल याचं गणित मांडलं. दोनच तुकड्यांत त्यानं एका चेंडूला कापड चढवून दाखवलं होतं. आज अशा जाळ्यांना गणितात त्याच्याच नावानं ओळखतात आणि छतं-घुमट बांधतानाही त्या कामी येतात. श्रोत्यांत कुणी शिंपी होता का, हे विचारायला मला फार आवडलं असतं.

तर कापड जमिनीवर पसरा. बटणपट्टी उभ्या धाग्याशी अगदी समांतर हवी, कारण तिनं गळ्यापासून गुडघ्यापर्यंत ताठ राहायचं आहे. पाठीचे, पुढचे भाग त्याच रेषेत. बाही मुंड्याच्या मध्यापासून सरळ खाली. कॉलरखालची पट्टी आणि आतला कॅनव्हास मापानं. इथे छापील कापड एक पेच टाकतं. कापड छापताना किंचित तिरपं गेलं असेल तर छापा एका दिशेनं आणि धागा दुसऱ्या दिशेनं जातो. कापताना कुणाचं ऐकायचं? सायकली, लिंबं, विखुरलेली फुलं असतील तर धाग्याचं. डोळ्यांना फरक कळत नाही आणि ड्रेस धुतल्यावर पिळवटत नाही. चौकडी किंवा पट्टे असतील तर डोळे फक्त छापाच बघतात. तिरपेपणा बोटभराहून जास्त असेल तर ते कापड दुकानातच सोडावं. आणि पोपट एकाच दिशेनं बघत असतील तर सगळे भाग त्याच दिशेनं कापावे लागतात, नाहीतर पाठीवरचे पोपट उलटे टांगलेले दिसतात. पावणेतीन मीटर लागतात ते यासाठी. दुकानदाराचा अडीचचा हिशोब बिनदिशेच्या छाप्याचा होता.

शर्टाच्या खांद्यावर मागच्या बाजूला जो वेगळा आडवा तुकडा असतो, तो योक, मला फार हुशार वाटतो. पाठीच्या पात्याच्या हाडांना उंचवटा आहे, तिथे एरवी दोन टक्स घ्यावे लागले असते. पण योक आणि पाठ यांच्यामधली शिलाईच जरा वाकडी बेतली, की पाचर त्या शिलाईत लपते. दिसायला सरळ रेघ, पोटात टक्स. योकच्या खाली मधोमध एक चुणी दिली की हात पुढे केल्यावर पाठ आवळत नाही.

कॉलरमध्येही असंच काहीतरी दडलेलं आहे. कॉलर ज्या उभ्या पट्टीवर बसते ती पट्टी सरळ कापली तर तिचा नळा होतो आणि तो मानेपासून लांब उभा राहतो. माणसाची मान बुडाशी रुंद, वर निमुळती. तीच पट्टी किंचित कमानदार कापली की जोडल्यावर शंकूचा तुकडा तयार होतो आणि मानेला लागून बसतो. कागदावर बोटभर वळणाचा फरक. गळ्याचा गोल कापताना मात्र जपावं: गोलावर कुठे ना कुठे उरेब येतंच, आणि नुसत्या हाताळण्यानं गळा वाढतो. म्हणून कापल्याबरोबर काठाजवळून एक टीप मारून तो बांधून ठेवायचा, मग बाकीचं.

शिलाई यंत्रावर बसलं की वेगळंच आश्चर्य सुरू होतं. हातानं शिवताना आपण दोऱ्याचं टोक घेऊन कापडातून आरपार जातो. यंत्राला टोक मिळत नाही. वरचा दोरा रिळाला जोडलेला, खालचा बॉबिनमध्ये गुंडाळलेला. तरी टाका पडतो कसा? सुईचं भोक टोकाशी असतं, ही पहिली युक्ती. एलियास होवनं १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सुई खाली जाऊन अगदी किंचित वर येते, तेव्हा कापडाच्या घर्षणानं दोरा मागे राहतो आणि सुईच्या पाठीशी एक छोटा फुगवटा येतो. खाली फिरणारा आकडा तो फुगवटा पकडतो, मोठा करतो आणि संपूर्ण बॉबिनवरून फिरवून आणतो. म्हणजे खालचा दोरा वरच्यात ओवला जात नाही. वरच्या दोऱ्याच्या फाशातून अख्खं बॉबिन जातं. हे शक्य व्हायचं तर बॉबिन कशालाही पक्कं जोडलेलं असून चालत नाही. ते आपल्या घरात मोकळं बसलेलं असतं आणि दोरा त्याच्या सगळ्या बाजूंनी निघून जातो. बॉबिनला वळसा घालायला दरवेळी मोठा फास लागतो आणि टाका तर दोन-तीन मिलिमीटरचा. म्हणून दोऱ्याचा एकच बिंदू टाक्यात बसण्याआधी सुईच्या भोकातून साध्या हिशोबानं वीसहून जास्त वेळा खालीवर जातो. स्वस्त दोरा का तुटतो, त्याचं उत्तर इथे आहे.

यंत्रांचे विरोधक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली शिलाई यंत्राला मात्र उघड अपवाद केला होता. पॅरिसमध्ये त्याआधी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी शिंप्यांनी तिमोनिये नावाच्या माणसाची यंत्रं फोडली होती. दोघांचंही म्हणणं मला पटतं. नगरमध्ये मात्र यंत्राच्या आधी सुई मुलींच्या शाळेत पोहोचली. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८३९ साली नगरला येऊन मुलींच्या शाळा चालवू लागली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते तिच्याकडे. तेव्हाच्या मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवणही शिकवत.

दोरा कापडापेक्षा थोडा कमजोर असावा, हे शिवणाऱ्यांचं म्हणणं ऐकायला उलटं वाटतं. पण खाली वाकताना ताण आला तर काहीतरी फाटणारच. शिलाई उसवली तर पाच मिनिटांत पुन्हा मारता येते, कापड फाटलं तर गेलं. बटणांचंही गणित ताणाचंच. काजं पट्टीवर उभी, फक्त कॉलरच्या पट्टीवर आडवं, कारण तिथे ओढ बाजूला असते. आणि बटणांमधली अंतरं वरून मोजायला घेऊ नयेत. पहिली खूण छातीच्या सर्वांत रुंद जागी करावी, मग वर-खाली सारखं अंतर. नाहीतर बसल्यावर नेमकी तिथेच फट पडते. तयार कपड्यांच्या दुकानात अर्धे ड्रेस असेच असतात.

लूझिंग, म्हणजे अंगाच्या मापाहून जास्तीची मोकळीक, किती ठेवायचं? इथे नगरचं ऊन बोलतं. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. त्वचेचं तापमान ३४-३५ अंशांच्या घरात, म्हणजे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम. अंगातली उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतली अंगात यायला बघते. अशा वेळी सुटका एकच, घाम वाळणं. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. सूत स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा हवेतून आणि अंगावरून शोषून धरतं. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. तरी ‘सुती कापड थंड’ हे पूर्ण खरं नाही. मुंबईच्या दमट हवेत भिजलेलं सूत वाळत नाही, अंगाला चिकटतं. नगरच्या कोरड्या झळांत तेच झटकन वाळतं, तेव्हा आपल्याकडे सुताला न्याय मिळतो. पण त्यासाठी कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळली पाहिजे. बेदुईन लोक वाळवंटात काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’मध्ये आला होता. सैल झगा काळा असो की पांढरा, अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच निघाली. काळ्यानं जास्त शोषलेली उष्णता आत येण्याआधीच वाहत्या हवेनं नेली. तेव्हा गर्द निळ्यावर पिवळी लिंबं आवडली असतील तर खुशाल घ्या. छातीला चार-पाच इंच लूझिंग ठेवा, बाह्या कोपरापर्यंत सैल, आणि खाली घेर.

घेराची एक गोष्ट राहिली. ड्रेस कमरेपासून खाली रुंद होतो, म्हणजे बाजूच्या शिलाया धाग्याला तिरप्या जातात, तर पुढची बटणपट्टी सरळ उभी. कापड स्वतःच्या वजनानं लोंबतं तेव्हा तिरपा भाग उतरतो, सरळ भाग उतरत नाही. मादाम व्हिओने ही फ्रेंच बाई १९२०च्या दशकात उरेब कापडाच्या याच उतरण्यावर अख्खे ड्रेस बेतत होती. आपल्याला मात्र ते नको आहे. म्हणून खालची दुमड लगेच घालू नये. बटणं लावून ड्रेस हँगरवर एक रात्र टांगून ठेवावा. सकाळी बाजू बोटभर खाली आलेल्या दिसतात. मग तो अंगात घालून उभं राहावं, दुसऱ्या कुणीतरी जमिनीपासून पट्टी उभी धरून सगळ्या घेरावर सारख्या उंचीला खडूनं खुणा कराव्या, आणि त्या खुणांवरून कापून, दोनदा दुमडून, टीप मारावी.